एकोणीस विरुद्ध अठरा

पेण शहर मागे टाकून पश्चिमेस खाडीच्या दिशेने निघाले, की खारेपाटाचा सपाट मुलूख सुरू होतो. भाताची कापणी उरकून खळी मोकळी झाली, जमिनीतली ओल सरली आणि रात्री अंगावर शाल घेण्याजोग्या झाल्या, म्हणजे या मुलखातला एखादा शेतकरी आपले एक चौकोनी शेत काही दिवसांपुरते गावाच्या हवाली करतो. तरणी पोरे ढेकळे फोडून, पाणी मारून, रूळ फिरवून त्या शेताचे मैदान करतात, फक्कीच्या पांढऱ्या रेषा पडतात, बांबूंना दिवे लटकतात, आणि कबड्डीचा हंगाम सुरू होतो. रोह्याकडे, कुंडलिकेच्या काठच्या गावांतही, हाच शिरस्ता आहे. संघांची नावे बहुधा ग्रामदैवतांची असतात, आणि अंतिम सामना सुरू होईपर्यंत मध्यरात्र उलटून गेलेली असते. तरी बांधावर बसलेली मंडळी उठत नाहीत.

चढाईला निघालेला गडी मध्यरेषेपाशी वाकतो, बोटांनी माती घेऊन कपाळी लावतो, छाती भरून श्वास घेतो आणि ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड घोष करीत प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो. समोर सात जण हातात हात गुंफून अर्धचंद्राकार साखळी धरून उभे असतात. त्या घटकेला साऱ्या मैदानात सर्वांत अवघड काम मात्र पंचाकडे असते. तो रेषेबाहेरून त्या गड्याच्या बरोबरीने सरकत असतो, मान किंचित तिरपी, डोळे पायांवर आणि कान ओठांवर, कारण घोष खंडला किंवा मध्येच चोरून श्वास घेतला गेला, की गडी बाद. बांधावरचा एखादा म्हातारा पंचाच्याही आधी ओरडतो, ‘दम सोरला रं, सोरला!’ आणि शिट्टी त्याच्या मागून येते.

बास्केटबॉलच्या एका वर्षाची हकीकत सांगावयास बसलेल्या लेखकाने खारेपाटातल्या या दमापासून प्रारंभ का करावा, असा प्रश्न वाचकाला पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर प्रकरणाच्या ओघात यथावकाश येईल; तूर्त एवढेच सांगतो, की मी निवडलेले वर्ष १९५० हे आहे, आणि बास्केटबॉल व कबड्डी या दोन्ही खेळांचे अखिल भारतीय महासंघ त्याच एका वर्षी स्थापन झाले. प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी देशात नव्या दफ्तरांचे पीकच आले होते, त्यातली ही दोन. त्या काळी त्यांची दखल फारशा कोणी घेतली असेल, असे नाही.

त्या साली पेण आणि रोहे हे कुलाबा जिल्ह्याचे तालुके होते. जिल्ह्याला रायगड हे नाव मिळावयास १ जानेवारी १९८१ उजाडावा लागला. आगगाडी या दोन्ही गावांपासून अजून साडेतीन दशके दूर होती. परंतु या मुलखाचे दोन पुत्र त्या वर्षी आपापल्या जागी अशा काही उद्योगात गढलेले होते, की त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्यांच्या घराण्याची मुळे रोह्यात, ते चिंतामणराव देशमुख १९५०च्या जूनमध्ये देशाचे अर्थमंत्री होऊन दिल्लीत साऱ्या राष्ट्राच्या जमाखर्चाचा ताळा घालीत होते. आणि पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे त्याच वर्षाच्या प्रारंभापासून पवनारच्या आश्रमात पैशाला स्पर्शच न करण्याचा, म्हणजे कांचनमुक्तीचा, प्रयोग करीत होते. एकाने तिजोरी सांभाळावी आणि दुसऱ्याने नाणेच वर्ज्य करावे, असा हा शेजारधर्म! पैशाचा हा विषय मी विषयांतर म्हणून काढलेला नाही. बास्केटबॉलच्या त्या वर्षाच्या कथेतही तो लवकरच मागल्या दाराने शिरणार आहे.

आधी या खेळाच्या जन्माची थोडी रुजवात करू. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात, जेम्स नेस्मिथ या कॅनडात जन्मलेल्या शिक्षकाने बर्फामुळे आत कोंडल्या गेलेल्या उपद्व्यापी विद्यार्थ्यांसाठी तेरा नियमांचा एक खेळ बेतला. सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले, आणि त्या पहिल्या सामन्यात अवघा एक गोल झाला. टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की शिडी लावून तो काढावा लागे, आणि मगच खेळ पुढे सरके. त्या सामन्यातील एका संघाचा नायक टी. डंकन पॅटन पुढे मिशनरी होऊन हिंदुस्थानात आला आणि येताना हा खेळही घेऊन आला, म्हणजे आपल्याकडील बास्केटबॉलची वंशावळ थेट त्या पहिल्या टोपलीपर्यंत जाते. पुढे १९२०मध्ये हॅरी क्रो बक यांनी मद्रासेत वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले, आणि तेथून शिकून गेलेल्या शिक्षकांबरोबर हा चेंडू देशभरच्या शाळांच्या अंगणांत उसळू लागला.

आता १९५०कडे वळू. वर्षाच्या मानकऱ्यांची यादी करावयास बसले, तर पहिला मान मार्च महिन्यातच न्यूयॉर्कच्या एका कॉलेजाकडे जातो. सिटी कॉलेज ऑफ न्यूयॉर्क ही शिकवणीचे शुल्क न घेणारी, गरिबांच्या हुशार मुलांची संस्था. तिच्या संघातले खेळाडू ज्यू आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतले, शहराच्या गल्लीबोळांतल्या मैदानांवर वाढलेले. नॅट होल्मन हे त्यांचे गुरू. त्या काळी अमेरिकेत महाविद्यालयांच्या दोन मोठ्या स्पर्धा होत, एक निमंत्रितांची आणि दुसरी एनसीएए संघटनेची, आणि एकाच वर्षी दोन्ही जिंकण्याचा पराक्रम तोवर कोणी केलेला नव्हता. सिटी कॉलेजने निमंत्रितांच्या स्पर्धेत आधी बलाढ्य केंटकीचा ८९–५० असा धुव्वा उडविला, मग १८ मार्चला अंतिम सामन्यात ब्रॅडली विद्यापीठाला ६९–६१ असे हरविले, आणि दहाच दिवसांनी, त्याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, त्याच ब्रॅडलीला ७१–६८ असे पुन्हा हरवून दुसरा चषकही उचलला. हा दुहेरी मान पुढेही कोणाला मिळाला नाही आणि आता मिळण्याचा संभवही उरलेला नाही.

दुसरा मान एका माणसाचा. जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावून खेळणारा मिनियापोलिस लेकर्सचा गडी. त्या वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने क्रीडालेखकांची मते मागवून शतकाच्या पूर्वार्धातील श्रेष्ठ खेळाडू ठरविले, त्यात बास्केटबॉलचा मुकुट मायकनच्या शिरी आला. एप्रिलमध्ये त्याच्या संघाने सिराक्यूज नॅशनल्सला चार सामने विरुद्ध दोन असे हरवून व्यावसायिक अजिंक्यपदही पटकावले. व्यावसायिक संघांच्या साखळीने एनबीए हे नाव धारण केल्यानंतरचे ते पहिले अजिंक्यपद होय. मायकन टोपलीखाली उभा राहिला, की त्याच्या डोक्यावरून चेंडू टाकणे म्हणजे वडाच्या झाडावरून विटी उडविण्यासारखे होते. त्याला थोडे दूर ठेवावे म्हणून पुढल्याच वर्षी टोपलीसमोरच्या निषिद्ध पट्ट्याची रुंदी सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली. एका माणसासाठी मैदानाची जमाबंदी नव्याने व्हावी, याहून मोठा सन्मान कोणता, हे मतदान करणाऱ्या लेखकांनीच सांगावे. रोह्यात दसऱ्याच्या सुमारास धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात. तिथे मते मोजली जात नाहीत आणि प्रतिस्पर्धीही नसतो. मान ही वस्तू मतदानाने ठरविण्याची रीत त्या मानाने फारच अलीकडची आहे.

स्त्रियांच्या खेळाचा हिशेब त्या वर्षी थोडक्यात आटोपतो. युरोपच्या स्त्रियांची अजिंक्यपद स्पर्धा १९३८मध्ये रोमला झाली होती, मग महायुद्ध आडवे आले. बारा वर्षांच्या खंडानंतर मे १९५०मध्ये ती बुडापेस्टला पुन्हा भरली आणि सोव्हिएत संघाने जिंकली, यजमान हंगेरी दुसरी, चेकोस्लोव्हाकिया तिसरा.

तिसरा मान मात्र सविस्तर सांगितलाच पाहिजे. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये प्रथम आला तो १९३६मध्ये बर्लिनला, तोही उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्याच्या दिवशी पाऊस कोसळला, चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला १९–८ अशा हास्यास्पद आकड्यांनी हरविले. त्याच वेळी, त्याच बर्लिनमध्ये, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीची आणि इतर देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती, हे जाता जाता नमूद करतो. ऑलिंपिकखेरीज या खेळाला स्वतःची जागतिक स्पर्धा असावी, हा विचार प्रत्यक्षात आला तो १९५०च्या ऑक्टोबरात, अर्जेंटिनाच्या ब्युनोस आयरेस नगरीत. दहा राष्ट्रे जमली. इजिप्तही त्यांत होता. आदल्या वर्षी कैरोत झालेल्या युरोपीय स्पर्धेचा तो विजेता, म्हणजे आफ्रिकेतला देश युरोपचा अजिंक्यवीर म्हणून दक्षिण अमेरिकेत उतरलेला! युगोस्लाव्हियाच्या संघाने फ्रँकोच्या स्पेनबरोबर खेळण्यास साफ नकार दिला आणि शेवटचे स्थान पत्करले. अमेरिकेने आपले नामांकित खेळाडू धाडलेच नव्हते. तिच्या नावाने डेन्व्हर शहरातला, एका मोटारविक्रीच्या पेढीच्या नावाचा, हौशी खेळाडूंचा संघ आला होता.

३ नोव्हेंबरच्या रात्री लूना पार्क या बंदिस्त क्रीडागृहात अर्जेंटिना आणि अमेरिका समोरासमोर आले, आणि यजमानांनी ६४–५० असा विजय मिळविला. त्यांचा ऑस्कर फुर्लाँग हा स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला; अंतिम सामन्यात त्याने वीस गुण केले. सामना संपल्यावर प्रेक्षक रस्त्यावर आले, हातातल्या वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून त्यांनी त्या पेटविल्या, आणि त्या मशालींच्या उजेडात कोर्रिएंतेस मार्गावरून जल्लोषाची मिरवणूक निघाली. ती रात्र तिकडे ‘मशालींची रात्र’ म्हणूनच ओळखली जाते. आमच्याकडे जिंकलेल्या संघाला खांद्यावर घेऊन, गुलाल उधळीत, देवळापर्यंत नेण्याची वहिवाट आहे. पेटलेले वर्तमानपत्र हातात धरून चालणे अंमळ धाडसाचे, पण भाव तोच.

यादी करणारा कारकून येथे लेखणी खाली ठेवील. दोन चषक जिंकणारे कॉलेज, अर्धशतकाचा महापुरुष, पहिला जगज्जेता देश: वर्षाची कैफियत पूर्ण झाली. माझ्या मते मात्र त्या वर्षातल्या खऱ्या महत्त्वाच्या दोन घटनांना कोणताही चषक मिळाला नाही.

त्यातली पहिली ब्युनोस आयरेसच्या अंतिम सामन्याआधी तीनच दिवस, ३१ ऑक्टोबरला, घडली. रॉचेस्टर शहरात वॉशिंग्टन कॅपिटॉल्स या संघाकडून अर्ल लॉइड नावाचा तरुण मैदानात उतरला, आणि एनबीएच्या सामन्यात खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याच हंगामात बोस्टनने चक कूपर याला आणि न्यूयॉर्कने नॅट क्लिफ्टन याला घेतले होते. वेळापत्रकात वॉशिंग्टनचा सामना आधी पडला, म्हणून तो मान लॉइडकडे आला. त्याचा संघ काही महिन्यांत बुडाला, आणि लॉइड स्वतः सातच सामने खेळून सैन्यात भरती झाला. वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे.

दुसरी घटना २२ नोव्हेंबरची, आणि ती खेळाच्या इतिहासातील एक लाजिरवाणी रात्र म्हणून सांगितली जाते. फोर्ट वेन पिस्टन्स हा संघ मायकनच्या मिनियापोलिसमध्ये, मायकनच्या अंगणात, खेळावयास गेला. मायकनसमोर सरळ खेळून निभाव लागणार नाही, हे त्यांच्या प्रशिक्षकाने हेरले होते, आणि त्याने जी तजवीज केली ती कोणत्याही नियमाच्या विरुद्ध नव्हती: चेंडू हाती आला की तो मध्यरेषेच्या आसपास धरून ठेवावयाचा, आपसांत सावकाश फिरवावयाचा, आणि टोपलीकडे फेकावयाचाच नाही. चेंडू कितीही वेळ हाती ठेवावा, याला त्या काळी मर्यादाच नव्हती. क्षणभर कल्पना करा. सात हजार माणसे पैसे मोजून आलेली. दिव्यांच्या लखलखाटात दहा धिप्पाड पुरुष उभे. एकजण चेंडू कमरेशी धरून समोरच्याकडे पाहतो आहे, समोरचा त्याच्याकडे पाहतो आहे, आणि घड्याळ चालले आहे. प्रेक्षकांनी आधी हुर्यो उडविली. मग ते कंटाळले. पहिल्या सत्राअखेर ८–७, मध्यंतराला १३–११ अशी लेकर्सची आघाडी, तिसऱ्या सत्राअखेर १७–१६. चौथ्या सत्रात दोन्ही संघांनी मिळून चार गुण केले. अखेरच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्ट याने मायकनवरून चेंडू टाकला, तो आत गेला, आणि पिस्टन्सने सामना १९–१८ असा जिंकला. लेकर्सच्या अठरांपैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे. एनबीएमध्ये इतक्या कमी गुणांचा सामना त्यापूर्वी झाला नव्हता, पुढेही झालेला नाही. बर्लिनच्या चिखलातही विजेत्यांचे गुण एकोणीसच होते. तिथे निदान आकाशाला दोष देता येत होता.

याच धर्तीचा आणखी एक सामना पुढच्या जानेवारीत झाला: इंडियानापोलिस आणि रॉचेस्टर यांनी बरोबरी सोडविण्यासाठी सहा जादा डाव खेळले, आणि त्या डावांत बहुतांश वेळ कोणीतरी एकजण चेंडू धरून शेवटच्या फेकीची वाट पाहत उभा होता.

येथे आपल्याला खारेपाटातल्या त्या शेतात परत जावे लागते. हुतूतूचा, म्हणजे कबड्डीचा, गडी प्रतिपक्षाच्या अंगणात जातो, तो आपल्याबरोबर एक घड्याळ घेऊन जातो, आणि ते घड्याळ त्याच्या छातीत असते. दम सरला की त्याची वेळ सरली. त्याला थांबता येत नाही, कमरेवर हात ठेवून समोरच्याकडे पाहत राहता येत नाही, आणि खेळ गोठविणे तर त्याच्या शरीरालाच मंजूर नसते. नुसती मध्यरेषेपाशी घुटमळून चढाई उरकता येऊ नये, म्हणून आखलेल्या रेषेला आपल्याकडे जे नाव आहे, तेही बोलके आहे: निदान रेषा, म्हणजे निदान इथवर तरी गेलेच पाहिजे. स्प्रिंगफील्डच्या नेस्मिथने तेरा नियम केले, आणि त्यांत चेंडू घेऊन पळू नये, धक्का देऊ नये, मुठीने चेंडू मारू नये अशी सारी खबरदारी घेतली. परंतु चेंडू घेऊन कोणी नुसता उभाच राहील, ही शंका त्या सालस शिक्षकाच्या मनास शिवली नाही. कुलाब्याच्या शेतकऱ्याने नियमच लिहिले नव्हते, तरी त्याच्या खेळात ही पळवाट उरलेली नव्हती.

अर्थात आपल्या खेळाची बाजू घेताना फार ताणू नये. बाद झालेला गडी पुन्हा जिवंत व्हावा की नाही, या एका प्रश्नावरच संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन पंथ होते. बंगालात या खेळाला हाडुडू म्हणत, तमिळ मुलखात चेडुगुडु, आणि एका गावचा नियम शेजारच्या गावाला मान्य नसे, त्यामुळे खेळापेक्षा तंटाच अधिक काळ चाले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३मध्ये आणि अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३४मध्ये नियमांना आकार दिला; १९५०मध्ये स्थापन झालेल्या महासंघाने संजीवनी पद्धतीवर शिक्कामोर्तब केले, पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२मध्ये मद्रासेत आणि स्त्रियांची १९५५मध्ये कलकत्त्यास भरविली. या घडामोडीत कोकणातल्या गड्याच्या छातीतले ‘हुतूतू’ गेले आणि त्या जागी ‘कबड्डी’ आले. दफ्तर आले, की शब्द बदलावा लागतो. म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी जुना शब्द पुष्कळ वर्षे रेंगाळला.

बास्केटबॉलच्या भारतीय महासंघाचा संसार त्या मानाने लहान राहिला. राष्ट्रीय स्पर्धा १९३४पासूनच होत्या. मार्च १९५१मध्ये दिल्लीत पहिले आशियाई खेळ भरले, तेव्हा बास्केटबॉलची तिन्ही पदके फिलिपिन्स, जपान आणि इराण यांनी नेली. आपल्या राज्यात हा खेळ मुंबईच्या नागपाड्यासारख्या वस्त्यांत खोल रुजला. तिथल्या अब्बास मुंतसिर यांना १९७०चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी पुढे भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. त्यांच्या मातोश्री युविका लिमये या कबड्डीच्या खेळाडू. दोन्ही महासंघांची कागदपत्रे एका घरात आली, ती अशी.

आता त्या वर्षीच्या मानकऱ्यांचे पुढे काय झाले, ते पाहू. फेब्रुवारी १९५१मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलाने सिटी कॉलेजच्या खेळाडूंना अटक केली. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन त्यांनी सामन्यांतील गुणांची तफावत हवी तशी राखली होती. सामना जिंकावयाचा, पण सट्टेबाज सांगेल त्याहून अधिक गुणांनी नाही, अशी ती कला. पदवीधर होऊन गेलेल्यांसह त्या दुहेरी विजेत्या संघातले सात जण यात सापडले. तपास वाढला तेव्हा हरलेल्या ब्रॅडलीचे खेळाडूही निघाले, आणि ज्यांच्या गुरूने आपल्या पोरांना सट्टेबाज हातही लावू शकणार नाहीत अशी बढाई मारली होती, त्या केंटकीचेही निघाले. पवनारला पैशाला न शिवणारे विनोबा त्या वर्षीच्या एप्रिलात पोचमपल्लीला भूदान मागत होते. त्यांच्या कानी ही वार्ता जाण्याचे कारण नव्हते.

अर्जेंटिनाच्या जगज्जेत्यांवर आलेले संकट निराळे. खेळाडूंना अध्यक्ष पेरॉन यांच्या कृपेने परदेशी मोटारी आणण्याचे परवाने मिळाले होते. १९५५मध्ये पेरॉन यांची सत्ता लष्कराने उलथविली, आणि नव्या राजवटीला एकाएकी आठवण झाली, की हे लोक हौशी म्हणून खेळत असता त्यांनी मोबदला घेतला. १९५७च्या प्रारंभी त्या संघातील खेळाडूंवर व्यावसायिकतेचा ठपका ठेवून आजन्म बंदीचा हुकूम निघाला. ज्यांच्यासाठी शहराने वर्तमानपत्रे पेटविली, त्यांना त्याच शहरात चेंडूला हात लावण्याची मनाई झाली; बंदी उठली तेव्हा त्यांचे खेळण्याचे वय सरून गेले होते. अर्जेंटिनाला बास्केटबॉलचे ऑलिंपिक सुवर्ण मिळावयास २००४ साल उजाडले.

आणि एकोणीस–अठराचे काय झाले? सिराक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोनी हा स्वतः इटलीत जन्मून लहानपणी अमेरिकेत आलेला स्थलांतरित. गावात त्याची चेंडूने लाकडी सोंगट्या पाडण्याच्या खेळाची जागा होती. चेंडू दाबून ठेवणाऱ्या संघांमुळे प्रेक्षक ओसरत चालले, हे त्याला तिकिटांच्या गल्ल्यावर रोज दिसत होते. त्याने आपल्याला आवडलेल्या सामन्यांचे तक्ते काढले, आणि चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण एकशेवीस वेळा टोपलीकडे चेंडू फेकतात, असा हिशेब केला. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सेकंद दोन हजार आठशे ऐंशी. त्यांना एकशेवीसने भागले, की चोवीस येतात. एवढ्या सेकंदांत चेंडू फेकलाच पाहिजे, नाही तर तो प्रतिपक्षाला द्यावा! चौथीतल्या पोराने पाटीवर करावा असा हा भागाकार १९५४च्या हंगामापासून नियम झाला, आणि पहिल्याच वर्षी प्रत्येक संघाची सरासरी सुमारे ऐंशी गुणांवरून त्र्याण्णवांवर गेली. १९५६च्या ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय खेळानेही तीस सेकंदांची मर्यादा स्वीकारली. आता कबड्डीच्या चढाईलाही तीसच सेकंद मिळतात. पंचाच्या कानाबरोबर फलकावरचे घड्याळही चालते. दम होता तरी रिकाम्या हाताने परत येण्याची खोड आपल्या गड्यांनाही जडली होतीच, म्हणून २०१४पासून प्रो कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्यावर तिसरीत गुण आणा, नाही तर बाद व्हा, असा दंडक आला.

त्या चोवीस सेकंदांच्या पहिल्याच हंगामात, एप्रिल १९५५मध्ये, अजिंक्यपदाच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात समोरासमोर आले ते बियासोनीचे सिराक्यूज आणि तेच फोर्ट वेन पिस्टन्स. पिस्टन्सनी एकदा सतरा गुणांची आघाडी घेतली. पाच वर्षांपूर्वी असती, तर तेवढ्यावर ते चेंडू उशाला घेऊन निजले असते. आता दर चोवीस सेकंदांनी फेकणे भाग होते. सिराक्यूजने आघाडी भरून काढली, शेवटचे बारा सेकंद उरले असता जॉर्ज किंगने एक गुण मिळविला, पिस्टन्सच्या हातचा चेंडू त्यानेच हिसकावला, आणि सामना ९२–९१ असा संपला. फरक पुन्हा एकाच गुणाचा. विजेत्या संघात लॉइड होता, तोच अर्ल लॉइड, सैन्यातून परत आल्यावर सिराक्यूजने घेतलेला.

ही सारी हकीकत मी मागे एकदा पेण तालुक्यातल्या एका गावी, सामना पाहता पाहता, शेजारी बसलेल्या म्हातारबाबांना सांगितली होती. त्यांचा तारुण्यात घोटा धरण्यात हातखंडा होता, म्हणे. आता गुडघे वर काढून, कानटोपी ओढून ते बांधावर बसले होते. मायकनची उंची ऐकून त्यांनी मान डोलावली, मशालींच्या मिरवणुकीला हसले, सट्ट्याच्या प्रकरणावर काही बोलले नाहीत. एकोणीस–अठराचा सामना मात्र त्यांनी दोनदा सांगावयास लावला. चेंडू धरून उभा राहिलेला तो माणूस, समोर उभा राहिलेला दुसरा, सगळे मैदान गप्प. समोर चढाई चालू होती. बाबांचे डोळे मैदानावर आणि कान, सवयीप्रमाणे, गड्याच्या ओठांवर. चढाई संपली, तेव्हा ते माझ्याकडे वळले.

‘पन मास्तर,’ ते म्हणाले, ‘मंग त्यांचा पंच आयकत काय होता?’